भीतीवरही उपचार हवेत

दाढ दुखायला लागली की मराठी घरात ठरलेले उपाय सुरू होतात. आधी लवंग दाढेखाली धरायची, नाहीतर लवंगेच्या तेलाचा बोळा. मग मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. मग मेडिकलवाल्याला विचारून आणलेली वेदनाशामक गोळी, आणि गाल सुजलाच तर त्याच दुकानातून अँटिबायोटिकची अर्धी पट्टी. खेड्यापाड्यांत आणि शहरांतल्या वस्त्यांतही अनेक बायका दुखऱ्या हिरडीला मिश्री चोळतात, पुरुष तंबाखूची चिमूट दाढेशी दाबून ठेवतात. ठणका घटकाभर विसरतो आणि तंबाखूचे व्यसन मात्र जन्माचे मागे लागते. या सगळ्यात डेंटिस्टचा नंबर शेवटचा. कुणाची पैशांची अडचण असते, कुणाच्या गावात डेंटिस्टच नसतो. पण खिशात पैसे आहेत, दवाखाना कोपऱ्यावर आहे आणि तरीही माणूस वर्षानुवर्षे तिकडे फिरकत नाही, तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच असते. तो घाबरलेला असतो आणि ते सांगायची त्याला लाज वाटते.

ही भीती म्हणजे नाटक किंवा लाड असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. ‘एवढा बाप्या माणूस आणि इंजेक्शनला घाबरतो?’ असे नातेवाईक म्हणतात, कधीकधी डॉक्टरही म्हणतात. प्रस्तुत लेखाचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. दातांच्या उपचारांची तीव्र भीती हा दुखण्याचाच एक भाग आहे, आणि किडलेली दाढ भरणे हे जसे डेंटिस्टचे काम तसे ही भीती हाताळणे हेही त्याचेच काम. त्यासाठी सेडेशन, म्हणजे रुग्ण शुद्धीत राहील इतपत हलकी गुंगी, हे साधन महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांपर्यंत आणि तालुक्याच्या दवाखान्यांपर्यंत पोचायला हवे. मात्र साध्या दवाखान्यातल्या गुंगीला एक हद्द असली पाहिजे. रुग्ण हाकेला ओ देतो आहे तोवरच ती सुरक्षित. ज्या क्षणी तो ओ देत नाही, त्या क्षणी तिथे भूलतज्ज्ञ हवा आणि शस्त्रक्रियागृहाची तयारी हवी.

भीती मोजता येते, हे अनेकांना ठाऊक नसते. अमेरिकेतले नॉर्मन कोराह यांनी १९६९ मध्ये त्यासाठी एक छोटी प्रश्नावली तयार केली. १९९५ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली आणि तीच आज जगभर जास्त वापरली जाते. तिच्यात पाचच प्रश्न आहेत. उद्या डेंटिस्टकडे जायचे असेल तर कसे वाटेल? बाहेरच्या बाकावर नंबराची वाट पाहताना? दात कोरला जाणार असेल तर? दात साफ करून घ्यायचे असतील तर? आणि हिरडीत इंजेक्शन बसणार असेल तर? प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण. बेरीज १९ किंवा अधिक झाली तर भीती तीव्र समजतात. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या प्रौढांच्या २००९ च्या दंत आरोग्य पाहणीत सुमारे १२ टक्के लोक या गटात निघाले. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात प्रौढांमधले हे भय कमीअधिक प्रमाणात साधारण १५ टक्क्यांना असल्याचे आढळले, अगदी तीव्र भय तीन टक्क्यांच्या आसपास. पाच प्रश्नांना दोन मिनिटेही लागत नाहीत. तरी आपल्याकडच्या दवाखान्यात नाव, वय, मधुमेह, रक्तदाब हे सगळे विचारले जाते, आणि ‘भीती वाटते का?’ हे विचारायचे राहून जाते.

या भीतीला कारणे असतात, आणि त्यातली बरीच खरी असतात. दाढेच्या आतला गाभा सुजलेला असतो तेव्हा तिथल्या ऊती आम्लधर्मी होतात आणि लिग्नोकेनसारखे बधिर करणारे औषध हवे तसे काम करत नाही. खालच्या दाढांच्या बाबतीत हे अनेकदा घडते. म्हणजे जो माणूस ठणका अगदी असह्य होईपर्यंत थांबतो, त्यालाच इंजेक्शन लागू न पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तो ‘दुखतंय’ म्हणतो, डॉक्टर ‘हे दुखणं नाही, नुसता दाब आहे’ म्हणतात, आणि ड्रिल चालूच राहते. त्या पाच मिनिटांत माणसाचा विश्वास उडतो तो उडतोच. काही भीती घरून आलेली असते. वरची दाढ काढली की नजर अधू होते हा समज अजून अनेक घरांत पक्का आहे. त्याला कसलाही आधार नाही. दाताच्या आणि डोळ्याच्या नसा वेगळ्या आहेत. आणि हट्टी मुलाला ‘डॉक्टरकाका सुई टोचतील हं’ असा धाक घालणाऱ्या घरातले मूल पुढे त्याच काकांकडे निमूट बसेल, ही अपेक्षा फार मोठी आहे.

भीती आठवणही बदलते. इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ जेरी केंट यांनी १९८० च्या दशकात रुग्णांना तीनदा विचारले होते: उपचाराआधी किती दुखेल असे वाटते, लगेच नंतर किती दुखले, आणि तीन महिन्यांनी काय आठवते. घाबरणाऱ्या रुग्णांना तीन महिन्यांनी आठवलेले दुखणे हे प्रत्यक्ष दुखण्यापेक्षा त्यांनी आधी कल्पना केलेल्या दुखण्याच्या जास्त जवळ होते. उपचार बरा झाला, तरी मनात भीतीचाच अनुभव राहिला. म्हणून ‘एकदा करून घे, मग भीती जाईल’ हा सल्ला अशा लोकांना लागू पडत नाही.

परिणाम काय होतात ते कोणत्याही मोठ्या सरकारी दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत दिसते. जी कीड वेळेवर भरली असती ती मुळापर्यंत जाते, मुळाशी पू होतो, आणि खालच्या दाढेचा पू कधी जबड्याखाली, जिभेखाली पसरतो. वैद्यकात या सुजेला लुडविगचा अँजायना म्हणतात. जर्मन वैद्य विल्हेल्म फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये तिचे वर्णन केले. जीभ वर उचलली जाते, तोंड उघडत नाही, थुंकी गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाची वाट बंद होऊ लागते. मधुमेही रुग्णात हे सगळे लवकर चिघळते. आजही यात माणसे दगावतात, आणि सुरुवात एका साध्या किडीपासून झालेली असते. दुसरा तोटा तितकाच गंभीर आहे. तोंडाचा कर्करोग भारतीय पुरुषांत सगळ्यात जास्त आढळणाऱ्या कर्करोगांपैकी आहे, आणि तोंडातला पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम सगळ्यात आधी डेंटिस्टच्या नजरेला पडू शकते. जो माणूस भीतीपोटी खुर्चीत बसतच नाही, त्याचा चट्टा कुणी पाहतच नाही.

वैद्यकाला वेदनेवर मोठा तोडगा एका डेंटिस्टने दाखवून दिला, हे या संदर्भात मुद्दाम सांगण्यासारखे आहे. १० डिसेंबर १८४४. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावी गार्डनर क्विन्सी कोल्टन नावाचा गृहस्थ हास्यवायूचे, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचे, प्रयोग तिकीट लावून दाखवत होता. वायू हुंगून लोक हसत, नाचत, पडत, आणि प्रेक्षकांची करमणूक होई. त्या रात्री सॅम्युअल कूली नावाच्या तरुणाने वायू घेतला, तो बाकांवर आदळला, पायातून रक्त आले आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. प्रेक्षकांत होरेस वेल्स हा २९ वर्षांचा डेंटिस्ट बसला होता. त्याने ते नेमके हेरले. दुसऱ्याच दिवशी त्याने कोल्टनला बोलावून स्वतः वायू घेतला आणि जॉन रिग्ज या सहकाऱ्याकडून स्वतःची दाढ काढून घेतली. दुखले नाही. वायू ही करमणुकीची चीज आहे असेच तोवर बहुतेकांना वाटत होते. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८०० मध्येच शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होऊ शकेल असे लिहून ठेवले होते, पण चार दशके कुणी ते मनावर घेतले नाही.

वेल्सने पुढच्याच महिन्यात बोस्टनला डॉक्टर आणि विद्यार्थ्यांसमोर प्रात्यक्षिक केले. वायूची पिशवी जरा लवकर बाजूला घेतली गेली, दात ओढताना रुग्ण ओरडला, आणि हे सगळे थोतांड आहे असा गलका झाला. फार काही जाणवले नाही असे त्या रुग्णाने नंतर सांगितले, पण ऐकायला कुणी थांबले नव्हते. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याच शहरात वेल्सचा जुना भागीदार विल्यम मॉर्टन, तोही डेंटिस्टच, याने ईथरचे यशस्वी प्रात्यक्षिक केले आणि श्रेय तिकडे गेले. वेल्स खचत गेला. क्लोरोफॉर्मचे प्रयोग तो स्वतःवरच करू लागला आणि जानेवारी १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने जीवन संपवले. अमेरिकन डेंटल असोसिएशनने १८६४ मध्ये त्याला या शोधाचे श्रेय दिले. त्या बोस्टनच्या फजितीत आजच्या डेंटिस्टसाठीही एक धडा आहे. औषध तेच होते. ते किती वेळ द्यायचे, रुग्णाकडे कसे पाहायचे, कधी थांबायचे हे मात्र तेव्हा कुणाला माहीत नव्हते. सेडेशनमध्ये औषधापेक्षा देणाऱ्याचा हात महत्त्वाचा, हे पुढच्या दीडशे वर्षांत पुन्हा पुन्हा सिद्ध झाले.

आज हाच वायू दंतोपचारात कसा देतात ते जवळून पाहण्यासारखे आहे. खुर्ची मागे झुकवतात आणि नाकावर एक लहान मऊ मास्क बसवतात. तोंड मोकळेच राहते. एका नळीतून वायू येतो, दुसरी नळी उच्छ्वास खोलीबाहेर नेते. सुरुवातीला नुसता ऑक्सिजन. यंत्राला लोंबणारी पिशवी रुग्णाच्या श्वासाबरोबर फुगते, बसते, आणि तिच्यावर नजर ठेवली की श्वास कसा चालला आहे ते कळते. मग नायट्रस ऑक्साइड थोडाथोडा वाढवत नेतात. बहुतेकांना ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास बरे वाटू लागते: बोटांना मुंग्या, अंगात ऊब, ड्रिलचा आवाज लांबून आल्यासारखा. रुग्ण बोलतो, सांगितले की मान वळवतो, तोंड स्वतःहून उघडे ठेवतो. तोंड आपोआप मिटू लागले तर गुंगी जास्त झाली असे समजून वायू कमी करायचा. दंतोपचाराच्या यंत्राची रचनाच अशी असते की ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊच शकत नाही, आणि ऑक्सिजन संपला तर नायट्रस आपोआप बंद पडतो. काम आटोपल्यावर काही मिनिटे पुन्हा नुसता ऑक्सिजन. हा वायू रक्तात फारसा विरघळत नाही, म्हणून जितक्या लवकर चढतो तितक्याच लवकर उतरतो.

याही वायूला पथ्ये आहेत. नाक चोंदलेले असेल तर तो देता येत नाही. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत टाळतात. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल तर मुळीच देत नाहीत. आणि महाराष्ट्रात विशेष लक्षात ठेवायचे म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. नायट्रस ऑक्साइड ते निकामी करतो. एखाद्या वेळी थोडा वेळ घेतल्याने सहसा काही बिघडत नाही. पण शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते, आणि ती मुळातच तीव्र असेल तर मज्जातंतूंना इजा होऊ शकते. हा प्रश्न विचारल्याशिवाय मास्क चढवू नये. बंद खोलीत उच्छ्वास बाहेर नेणारी नळी नसेल तर त्रास डेंटिस्टच्या मदतनीस मुलींना होतो. अशा हवेत आठवड्यात काही तास काम करणाऱ्या स्त्रियांना गर्भधारणा व्हायला जास्त वेळ लागतो, असे अमेरिकेतल्या डेंटल असिस्टंटच्या १९९२ च्या अभ्यासात दिसले होते.

ज्यांना वायू पुरत नाही त्यांच्यासाठी मिडॅझोलॅम हे गुंगीचे औषध. हाताच्या शिरेत सुई बसवून ते अगदी थोडेथोडे, मध्ये थांबून, रुग्णाकडे बघत देतात. पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, पण हाक मारली की उत्तर येते. या औषधाचा मोठा गुण म्हणजे उपचाराचा तो तास बहुतेकांना नंतर आठवत नाही. मोठा धोका म्हणजे मात्रा जरा जास्त झाली, किंवा सोबत दुसरे झोपेचे किंवा अफूवर्गातले औषध पडले, की श्वास मंदावतो. म्हणून बोटाला पल्स ऑक्सिमीटर हवा, ऑक्सिजन हाताशी हवा, फ्लुमाझेनिल हा उतारा हवा. उताऱ्याचा असर मूळ औषधापेक्षा लवकर संपतो, म्हणून उतारा दिल्यावरही रुग्णाला लगेच घरी सोडायचे नाही. घरी न्यायला जबाबदार माणूस हवा, आणि चोवीस तास गाडी चालवायची नाही की कसल्या कागदावर सही करायची नाही. खोलीत डेंटिस्टशिवाय दुसरी प्रशिक्षित व्यक्ती हवीच. गुंगीतला माणूस स्वतःचे रक्षण करू शकत नाही, आणि या औषधाने काहींना खरे वाटावेत असे भासही होतात. म्हणून खोलीत दुसरी व्यक्ती असणे ही रुग्ण आणि डॉक्टर, दोघांच्या हिताची गोष्ट आहे.

अनेक जाहिरातींत गुंगी आणि बधिर करणे यांची गल्लत केलेली असते. गुंगीने दुखणे थांबत नाही, भीती कमी होते. दाढ बधिर करायचे इंजेक्शन लागतेच. फरक इतकाच की घाबरलेला रुग्ण ते शांतपणे घेऊ शकतो. जाहिरातीतले ‘झोपेत सगळे दात एकाच दिवशी’ हे आश्वासन म्हणजे निराळीच गोष्ट, आणि धोका तिथूनच सुरू होतो.

गुंगीच्या पायऱ्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. हलकी गुंगी, मध्यम गुंगी, खोल गुंगी, पूर्ण भूल. औषध तेच, मात्रा थोडी वाढली की माणूस पुढच्या पायरीवर जातो, आणि प्रत्येकाचे शरीर वेगळे. खोल गुंगीत घसा सैल पडतो, जीभ मागे जाते, आणि दंतोपचारात तर त्याच वाटेवर पाणी, रक्त, कापूस आणि हत्यारे असतात. ब्रिटनमध्ये एके काळी खुर्चीत पूर्ण भूल देऊन दात काढणे सर्रास चाले. त्यात लहान मुले दगावली. २००० सालच्या सरकारी अहवालानंतर २००१ च्या अखेरीस ही पद्धत साध्या दवाखान्यांतून पूर्ण बंद झाली आणि पूर्ण भूल फक्त रुग्णालयातच द्यायची असे ठरले. तिथल्या डेंटिस्टनी काम सोडले नाही, ते शुद्धीतल्या गुंगीकडे वळले. अमेरिकेत कॅलिफोर्नियात २०१५ मध्ये सहा वर्षांचा एक मुलगा दात काढताना दिलेल्या भुलीत दगावला. तिथे भूल देणारे आणि दात काढणारे सर्जन एकच होते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि बालदंततज्ज्ञांच्या संघटनांनी आपली मार्गदर्शिका बदलून स्पष्ट सांगितले की मुलाला खोल गुंगी द्यायची असेल तर ती देणारी व्यक्ती आणि दात काढणारी व्यक्ती वेगळ्या असल्या पाहिजेत. जो दाढ उपटतो आहे त्याचे लक्ष दाढेत असते. श्वासाकडे बघायला दुसरे डोळे लागतात.

उपकरणांचा प्रश्नही जीवनमरणाचा आहे. तमिळनाडूत नागरकोईलजवळच्या सरकारी रुग्णालयात २०११ मध्ये एका महिलेला ऑक्सिजनऐवजी नायट्रस ऑक्साइड दिला गेला. ती कोमात गेली आणि पुढच्या वर्षी मरण पावली. सिलिंडरचे रंग वेगळे असतात, त्यांच्या तोंडाशी खिळ्यांची रचनाही अशी असते की एकाच्या जागी दुसरा बसू नये. जुगाड करून जोडण्या बदलल्या किंवा नळ्यांची अदलाबदल झाली की हे सगळे संरक्षण वाया जाते.

सेडेशनच्या बाजूने बोलणाऱ्याने एक कडवट गोष्टही मान्य केली पाहिजे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात दंतभय असलेल्या ५० रुग्णांपैकी काहींना मिडॅझोलॅम दिले, काहींना एका बैठकीची मानसोपचार पद्धतीची मदत, काहींना यातले काहीच नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी दोन्ही उपायांनी भीती कमी झाली. पुढचे उपचार मात्र मानसोपचार गटातल्या ७० टक्क्यांनी चालू ठेवले, औषध घेतलेल्यांपैकी फक्त २० टक्क्यांनी, आणि काहीच न मिळालेल्यांपैकी १० टक्क्यांनी. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला १९८० च्या दशकात पूर्ण भूल आणि वर्तनोपचार यांची तुलना झाली तेव्हाही वर्तनोपचार सरस ठरला होता. हे समजण्यासारखे आहे. भीती कमी होते ती चांगल्या अनुभवाच्या आठवणीने, आणि मिडॅझोलॅम नेमकी तीच आठवण पुसते. माणूस पुढच्या वेळी पहिल्याइतकाच घाबरलेला येतो, किंवा येतच नाही.

या निष्कर्षावरून सेडेशन निरुपयोगी ठरवणारे चुकतात. ज्याचा गाल सुजला आहे त्याला आधी मानसोपचाराच्या बैठका घ्यायला सांगता येत नाही, आणि तसे मानसोपचारतज्ज्ञ आपल्या जिल्ह्यांत आहेत कुठे? निष्कर्ष एवढाच निघतो की गुंगी हा पहिला टेकू समजावा, कायमचा नव्हे. पहिल्या मोठ्या कामाला गुंगी, पुढच्या वेळी कमी, त्यानंतर नुसता वायू, त्यानंतर नुसते इंजेक्शन, आणि प्रत्येक वेळी रुग्णाशी बोलणे. वायू इथे जास्त उपयोगाचा, कारण तो घेतलेल्याला काय घडले ते बहुतांशी आठवते. हात वर केला की ड्रिल थांबेल हा करार तर कुठल्याही औषधाशिवाय करता येतो. तो करार पाळला गेला की अर्धी भीती तिथेच ओसरते.

मुलांच्या बाबतीत तर गुंगीच्या आधी बरेच काही करता येते. आधी सांगायचे, मग दाखवायचे, मग करायचे ही पद्धत १९५९ पासून रूढ आहे: आरसा मुलाच्या हातात द्यायचा, हवेचा फवारा आधी तळहातावर मारायचा, मग दातावर. दुधाच्या दाढेची कीड न कोरता, इंजेक्शन न देता तिच्यावर पोलादी टोपी बसवण्याची ‘हॉल’ पद्धत स्कॉटलंडमधून आली. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा एक थेंब लावून कीड थोपवता येते. डाग काळा पडतो, पण मूल रडत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून लांब भूल देण्याबाबत इशारा दिला होता. थोड्या वेळाच्या एका भुलीने नुकसान झाल्याचे मोठ्या अभ्यासात दिसले नाही. तरी साध्या उपायांनी भागत असताना गुंगीचा सोपा मार्ग पालकांच्या गळी उतरवणे योग्य नाही.

मात्र काही माणसांसाठी गुंगी ही सवलत नसून उपचाराचा एकमेव दरवाजा आहे. स्वमग्न मुलाला मास्कचा वास, दिव्याचा झोत आणि ड्रिलचा आवाज एकदम सहन होत नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या व्यक्तीची मान आणि जबडा तिच्या ताब्यात नसतो. काहींना आरसा आत गेला की उमासे येतात. अशा मुलांचे आईबाप दवाखान्यामागून दवाखाने फिरतात आणि ‘हा बसणार नाही, मोठ्या हॉस्पिटलला न्या’ हे एकच वाक्य ऐकतात. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आरोग्यसेवेत भेदभाव नको म्हणतो. दाताच्या खुर्चीपर्यंत तो पोचवायचा असेल तर प्रत्येक जिल्ह्यात निदान एका ठिकाणी गुंगी आणि भूल देऊन दंतोपचार करण्याची सोय असली पाहिजे, आणि ती फुकट किंवा परवडणारी असली पाहिजे. नेहमीच्या आरोग्य विम्यात दातांचे उपचार सहसा बसत नाहीत, त्यामुळे आज हा सगळा भार आईबापांच्या खिशावर पडतो.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यातले बांबोळीचे दंत महाविद्यालय यांच्याकडे या कामासाठी लागणारे बालदंततज्ज्ञ, मुखशल्यतज्ज्ञ आणि जवळच वैद्यकीय महाविद्यालयांचे भूलतज्ज्ञ आहेत. तिथे आठवड्याचे ठराविक दिवस घाबरणाऱ्या आणि विशेष गरजांच्या रुग्णांसाठी राखून ठेवता येतील. बीडीएसच्या विद्यार्थ्याला या विषयाची ओळख होते, पण हात बसत नाही. पदवीनंतर वायूचे आणि मिडॅझोलॅमचे वेगवेगळे, प्रत्यक्ष रुग्णांवर देखरेखीखाली घेतलेले प्रशिक्षण आणि त्याचा दाखला असल्याशिवाय कुणीही गुंगी देऊ नये. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला. आयोगाने जे नियम करायचे त्यात हा नियम अग्रक्रमाने यावा: कुणी कोणती गुंगी द्यावी, खोलीत किती माणसे हवीत, कोणती उपकरणे हवीत, आणि दुर्घटना घडली तर ती कुठे कळवायची. दुर्घटनांची नोंदच होत नसेल तर त्यातून शिकणार कोण?

संमतीचा प्रश्नही इथेच येतो. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निर्णय दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या प्रौढ महिलेची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया तिच्या आईच्या संमतीने केली गेली होती. ती संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. जिवावर बेतलेले नसेल तर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे. दाताच्या दवाखान्यातही हाच नियम. ‘उघडल्यावर बघू’ म्हणून गुंगीत असलेल्या माणसाचे दोन दात जास्त काढायचे नाहीत. काय करायचे ते सगळे आधी, शुद्धीत असताना, लिहून ठरवायचे.

ज्याला भीती वाटते त्याने ती वेळ घेतानाच, पहिल्या फोनवर सांगावी. गुंगी सुचवली गेली तर सरळ विचारावे: कोणते औषध देणार, कोण देणार, त्यांचे त्यातले प्रशिक्षण काय, मी शुद्धीत असेन का, ऑक्सिजन आणि उतारा खोलीत आहे का, माझ्या श्वासाकडे कोण लक्ष देणार. मधुमेह, घोरणे, दमा, चालू गोळ्या, बी-१२ हे काहीही लपवू नये. समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत तर दुसरा दवाखाना शोधावा. आणि शक्य असेल तर दाढ ठणकायच्या आधीच, नुसते तपासून घ्यायला जावे. पहिल्या भेटीत काहीही न करता परत यायची मुभा मागावी. चांगले डेंटिस्ट ती देतात.